मदत हवी आहे: क्रॉसओव्हर लावूनही बेसच्या बॉक्समधून गाणाऱ्याचा आवाज येतोय

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. जुन्या मशीनची (अॅम्प्लिफायरची) सेटिंग कळणाऱ्या कुणीतरी जरा लक्ष घाला.

वाळवा तालुक्यात माझा छोटा साउंडचा धंदा आहे. कीर्तन, हळदी, शाळेचं गॅदरिंग असली कामं. सेटअप साधा, सगळा मोनो. मिक्सरमधून डीबीएक्स २२३ क्रॉसओव्हरला (खालचा आणि वरचा आवाज वेगळा करणारं यंत्र; स्टिरिओ मोड, फक्त पहिला चॅनल वापरतो) आणि तिथून क्यूएससी आरएमएक्स २४५० मशीनला. लो आउट मशीनच्या चॅनल १ ला, त्यावर सिंगल १८ इंचीचे दोन बेस. हाय आउट चॅनल २ ला, त्यावर १५ इंची दोन टॉप (वरच्या आवाजाचे बॉक्स). सगळे बॉक्स ८ ओहमचे, दोन-दोन पॅरललमध्ये, म्हणजे प्रत्येक चॅनलवर ४ ओहम. क्रॉसओव्हर १०० हर्ट्झवर.

मशीन सेकंडहँड घेतलंय. आधी बेसला आणि टॉपला वेगवेगळी लोकल मशीन होती, क्रॉसओव्हर हाच, आणि तेव्हा तक्रार नव्हती. आता बेसच्या बॉक्सला कान लावला तर अभंग शब्दन् शब्द ऐकू येतो. टॉपचा कोन पखवाजाच्या थापेला इतका हलतो की फाटेल की काय वाटतं. क्रॉसओव्हरचं बटण १०० वरून ३०० ला नेलं तरी कानाला काही फरक नाही. एवढं करून बेसला खोली नाहीच, नुसतं ढप ढप.

मेकॅनिक म्हणतो क्रॉसओव्हर गेलाय, नवा डीएसपी (डिजिटल क्रॉसओव्हर) घ्या. घ्यायला हरकत नाही, पण आधी खात्री करायची आहे. केबल सगळ्या बदलून पाहिल्या.

मंडपवाला
बेसचा फेज (प्लस-मायनसची दिशा) उलटा करून बघा दादा. आमच्याकडे असंच झालं होतं, एका बटणात काम.

जुना_ऑपरेटर
फेजने बेसमध्ये माणसाचा आवाज येत नसतो हो. फेज बघूच, पण नंतर.

२२३ ला मागे स्टिरिओ आणि मोनो मोडसाठी जॅकची नावं वेगवेगळी आहेत, तिथे बरेच जण फसतात. आणि फ्रिक्वेन्सीच्या बटणासाठी १० पटीचा एक स्विच असतो. तो दाबलेला राहिला की १०० चे १००० हर्ट्झ होतात आणि मग बेस गाणारच. हे दोन्ही बघून सांगा.

कृष्णाकाठ
स्टिरिओ मोडचा दिवा लागलेला आहे, जॅक स्टिरिओच्या नावाप्रमाणेच लावलेत. १० पटीचा स्विच बाहेर आहे. ४० हर्ट्झचं लो कट (त्याखालचा आवाज कापणारं बटण) मात्र दाबलेलं आहे, आधीपासून तसंच ठेवतो.

रोहिणी_सर्किट
क्रॉसओव्हर गेलेला नाही, असं माझं मत. नवा डीएसपी आणू नका, आणला तरी हेच होणार.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की १०० चं ३०० केलं तरी फरक नाही, तेच सगळ्यात बोलकं लक्षण आहे. हा क्रॉसओव्हर लिंकविट्झ-रायली प्रकारचा, २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा, म्हणजे कटच्या पलीकडे फ्रिक्वेन्सी दुप्पट (किंवा निम्मी) झाली की आवाज २४ डेसिबल उतरतो. कटच्या फ्रिक्वेन्सीला लो आणि हाय दोन्ही ६ डेसिबल खाली असतात आणि एकत्र केले की सगळ्या पट्ट्यात सपाट आवाज मिळतो. म्हणजे लो आणि हाय कुठेतरी पुन्हा एकमेकांना जोडले गेले, तर बटण कुठेही फिरवा, दोन्ही चॅनलवर फुल रेंजच जाणार. निवडलेले गहू आणि खडे पुन्हा एकाच पोत्यात.

जोडले कुठे जातायत? मशीनच्या मागे इनपुटजवळ छोट्या पांढऱ्या खटक्यांची एक ओळ आहे, १० खटक्यांची. क्लिप लिमिटर (मशीन ओव्हर झालं की आवाज आवरणारा), लो कट फिल्टर, पॅरलल इनपुट, ब्रिज (दोन्ही चॅनल मिळून एक) सगळं तिथेच ठरतं. पॅरलल इनपुटचे खटके ऑन असले की चॅनल १ आणि २ चे इनपुट आतून एक होतात. एकाच सिग्नलवर दोन्ही चॅनल चालवायचे तर ती सोय चांगली. आधीच्या मालकाने तशीच वापरली असेल. क्रॉसओव्हरच्या दोन वेगळ्या लाइनी तिथे लावल्या की मात्र हे असं होतं.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. चालू असताना पिना ओढू नका; मशीन बंद करून हाय आउटची केबल काढा, लो तेवढी राहू द्या. गेन खाली ठेवून चालू करा आणि मोबाइलच्या टोन जनरेटरवरून ६० हर्ट्झ सोडा. हायची केबल काढलेली असूनही टॉप घुमले तर चोर सापडला.

कृष्णाकाठ
घुमले! टॉप दोन्ही घुमले.

खटक्यांच्या ओळीवर धुळीचा थर होता, नाव वाचायला ब्रश मारावा लागला. पॅरललचे खटके ऑनच्या बाजूला आहेत. लो कट दोन्ही चॅनलला ऑन, ५० हर्ट्झवर. क्लिप लिमिटर दोन्हीकडे ऑफ. आता काय काय बदलू? आणि इतके दिवस दोन आउटपुट एकमेकांवर चालले, त्याने क्रॉसओव्हरला काही झालं असेल का?

रोहिणी_सर्किट
बेसची खोली कुठे गेली तेही कळलं. मशीनचा ५० हर्ट्झचा कट छोट्या फुल रेंज बॉक्ससाठी असतो. १८ इंची बेसला तो लावला तर ज्यासाठी बेस घेतला तोच भाग कापला जातो. वर तुमच्या क्रॉसओव्हरचा ४० चा कट, म्हणजे दोनदा कात्री.

मशीन बंद करा, पेनाच्या टोकाने खटके हलवा. पॅरलल ऑफ. चॅनल १ चा फिल्टर ऑनच, पण ३० हर्ट्झवर. तो पूर्ण काढू नका: पोर्टवाला (हवेचं भोक असलेला) बॉक्स ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेला असतो त्याच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही, आवाज न वाढता कोन मात्र पिस्टनसारखा पळतो आणि कॉइल आपटते. चॅनल २ ला ५० राहू दे, तिथे १०० च्या खाली तसंही काही जात नाही. क्लिप लिमिटर दोन्हीकडे ऑन. लग्नात कुणीतरी मिक्सरवर हात मारतोच. क्रॉसओव्हरवरचा ४० चा कट सोडवा, एका बेसला एक कट पुरे.

टॉपच्या आत १५ इंची आणि हॉर्नमध्ये वाटणी करणारा स्वतःचा पॅसिव्ह क्रॉसओव्हर आहे, त्याला हात लावू नका.

आउटपुटला काही झालं नसावं, आत मालिकेत रेझिस्टर असतात, ते सहसा तग धरतात. पण एक लक्षात घ्या. दोन आउटपुट भिडलेले असताना लेव्हल जवळपास अर्ध्यावर येते, ६ डेसिबल कमी. आता ती परत वर जाईल. जुन्या जागी गेन ठेवून चालू केलंत तर पहिल्याच थापेला दचकाल. गेन पूर्ण खाली घेऊनच चालू करा.

तांब्याची_तार
धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्या जुन्या मशीनला मागे खाचेत बसणारं क्रॉसओव्हरचं कार्ड आहे (क्राऊन मॅक्रोटेक मशीनच्या पीआयपी कार्डासारखा प्रकार, पण मशीन वेगळं). कट ४८० च्या आसपास आहे, मला १०० हवाय. बटण नाही. कार्डवर ३३ किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरडच दिसतात सगळीकडे.

रोहिणी_सर्किट
मग हिशोब जुळतोच. १ भागिले २ पाय आर सी (आर म्हणजे रेझिस्टर, सी म्हणजे कपॅसिटर), ३३ के आणि ०.०१ ला ४८२ हर्ट्झ येतात. रेझिस्टर पाचपट करूनही १०० मिळेल, पण १६५ के म्हणजे खरखर आणि गुणगुण पकडायला आमंत्रण. कपॅसिटर बदला, ०.०१ च्या जागी ०.०४७ टाका, साधारण १०३ हर्ट्झ येतील. फिल्टरमधले सगळे एकाच प्रमाणात बदलायचे, एखादा राहिला तर स्लोप (कटचा उतार) बिघडतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या, ५ टक्क्यांचे. सिरॅमिक चकत्या नकोत. सिग्नलच्या वाटेवरचे कपलिंगचे मोठे कपॅसिटर फिल्टरचे नसतात, ते सोडा. जास्त विचारायचं असेल तर कार्डच्या फोटोसकट वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

कृष्णाकाठ
रोहिणीताई, काम झालं. १००० हर्ट्झ सोडला तर बेस गप्प, कान लावूनही काही नाही.

रोहिणी_सर्किट
गप्पच असणार. १०० पासून १००० म्हणजे सव्वातीन ऑक्टेव्हच्या वर, ८० डेसिबल खाली.

कृष्णाकाठ
बेसला खोलीही आली, काल पखवाज ऐकून महाराजांनी स्वतः विचारलं की बॉक्स नवीन आणले का. आता एकच शंका. पुरुषी आवाजाचा भरदारपणा कमी वाटतो, मधे पोकळ. मंडपवाले म्हणाले तसं बेसचा फेज उलटा केला तर भरतो. २४ डेसिबलला फेज उलटायची गरज नसते असं वाचलंय, मग हे काय?

मंडपवाला
बघा, सांगितलं होतं मी 😀

जुना_ऑपरेटर
बॉक्स कुठे ठेवता ते सांगा आधी.

कृष्णाकाठ
बेस स्टेजच्या खाली, पुढच्या कडेला. टॉप स्टेजवर स्टँडला, बेसच्या मागे पाच-सहा फूट.

जुना_ऑपरेटर
तेच. १०० हर्ट्झची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब. अर्धी म्हणजे पावणेदोन मीटर, साडेपाच फुटांच्या थोडं वर. तुमचा टॉप बेसच्या मागे नेमका तेवढाच आहे, म्हणून १०० च्या आसपास दोघे एकमेकांना खातात. विद्युत दृष्ट्या फेज सरळच आहे, जागा उलटी आहे. डीएसपी असता तर बेसला ५ मिलिसेकंद डिले (उशीर) दिला असता. २२३ मध्ये डिले नाही, तेव्हा स्टँड खाली उतरवा आणि टॉप बेसच्या रेषेत आणा. फेजचं बटण सरळ करा.

मग समोर मधोमध उभे राहून १०० हर्ट्झ सोडा आणि बटण एकदा आत, एकदा बाहेर करून ऐका. जास्त भरतो ती जागा खरी. दोन्ही बेस एकमेकांशी सरळ आहेत ना, तेही वेगळं तपासा, एखाद्या स्पीकॉनमध्ये (बॉक्सच्या पिनेत) प्लस-मायनस उलटं निघतं. आणि हे सगळं दहाच्या आत, नाहीतर चौकीवरून फोन.

कृष्णाकाठ
टॉप खाली घेतले, बटण सरळ. आता सरळ जागीच भरतो, उलटं केलं की पोकळ होतो. दोन्ही बेसचे स्पीकॉन उघडून पाहिले, बरोबर आहेत. धागा सोडवला म्हणून खूण करतोय.