मेनोनाइट नर्स एलफ्रीडा डिकबद्दल कुणाला माहितीये का?

बर्फातली_सिस्टर

नमस्कार मंडळी, मी मूळची सांगलीची, आता सहा वर्षं विनिपेगला आहे, म्हाताऱ्या पेशंट्सच्या वॉर्डला नर्स. आमच्याकडे एक आजी ॲडमिट आहेत (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात), त्या मेनोनाइट. रात्री झोप लागत नाही त्यांना, मग बोलत बसतात, इंग्लिश आणि मधेच त्यांची ती प्लाउटडीच नावाची जर्मनसारखी बोली. परवा म्हणाल्या की मी सात वर्षांची असताना फोलेंडाम नावाच्या जहाजातून पॅराग्वेला गेले, आणि जहाजावर एक डिकबाई होत्या त्या रोज सकाळी आमच्या खोलीत डोकावून कोण आजारी आहे ते बघून जायच्या. मग घरी येऊन नेटवर शोधलं तर सापडलं, एलफ्रीडा डिक, माहेरची क्लासन, इथे कॅनडातच मोठी झालेली नर्स. पण जिथे बघावं तिथे गोष्ट नवऱ्याची, पीटर डिकची, आणि ही आपली "आणि त्यांच्या पत्नी". मला तिच्याबद्दल ऐकायचंय, तिने स्वतः काय केलं. आणि एक बावळट प्रश्न, ती स्वतः कॅनडाची होती तर या लोकांना सरळ कॅनडात का नाही आणलं, पॅराग्वे कुठून आलं मधेच?

जुनी_पानं

प्रश्न बावळट अजिबात नाहीये. आधी थोडं मागे जावं लागेल. मेनोनाइट म्हणजे १६व्या शतकातल्या मेनो सिमन्स या डच माणसाच्या मागून गेलेला पंथ, हा आधी कॅथलिक पाद्री होता. बाप्तिस्मा मोठं झाल्यावर स्वतःच्या मर्जीने घ्यायचा आणि हातात शस्त्र धरायचं नाही, या दोन गोष्टींसाठी यांनी पिढ्यान्पिढ्या गाव सोडलंय. कॅथरीन राणीच्या आमंत्रणावरून १७८९ पासून हे लोक रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनमध्ये जाऊन शेती करायला लागले. मग क्रांती, यादवी, दुष्काळ. १९२० मध्ये याच दुष्काळात माणसं जगवायला अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी एमसीसी म्हणजे मेनोनाइट सेंट्रल कमिटी काढली. १९२३ ते १९३० मध्ये वीसेक हजार लोक कॅनडात आले. एलफ्रीडा त्यातलीच, जन्म १९१७ चा रशियातला, लहानपणीच कॅनडात आली. तिचा थोरला भाऊ सी. एफ. क्लासन हा निर्वासितांना हलवण्याच्या कामातला मोठा माणूस, म्हणजे घरातच हे वारं होतं.

१९४२ मध्ये एमसीसीने तिला इंग्लंडला पाठवलं. बॉम्बिंगमध्ये घरं गेलेली मुलं, म्हातारी माणसं, त्यांच्यासाठी चालवलेल्या घरांमध्ये काम. तिथेच पीटर भेटला, १९४४ ला लग्न. युद्ध संपल्या संपल्या हॉलंडमध्ये मदतकार्य आणि तिथून बर्लिन.

आता पॅराग्वे. जर्मन सैन्य मागे हटायला लागलं तेव्हा युक्रेनमधले ३५ हजारांच्या आसपास मेनोनाइट बैलगाड्या, घोडागाड्या घेऊन त्यांच्यामागे पश्चिमेला निघाले. त्यातल्या बहुतेकांना रशियाने परत धरून नेलं, उरले साधारण १२ हजार. बर्लिनमध्ये हजाराच्या वर लोक अमेरिकन भागात आश्रयाला आले आणि शहराच्या चारी बाजूंना रशियन सैन्य! सापडले की सायबेरिया. कॅनडाचे दरवाजे तेव्हा बंदच म्हणायचे, थोडे किलकिले झाले तरी मेडिकलमध्ये नापास झालं की संपलं, डोळ्याचा खुपऱ्या रोग असला तरी परत. पॅराग्वेने म्हातारे, आजारी, अपंग, सगळे घेतले, आणि मेनोनाइटांना सैन्यात जावं लागणार नाही असा कायदा तिथे १९२१ पासूनच होता. शिवाय आधी गेलेले भाईबंद तिथे होतेच.

रिटायर्ड_मेट्रन

मी ३४ वर्षं जिल्हा रुग्णालयात काढली, शेवटी मेट्रन म्हणून रिटायर झाले, तर इतिहासातलं मला फार नाही कळत पण त्या जहाजाचं गणित कळतं. जुनी_पानंनी आकडा दिला नाही म्हणून मी शोधला, १ फेब्रुवारी १९४७ ला ब्रेमरहाफेनहून फोलेंडाम सुटलं त्यात २,३०३ माणसं होती. आमच्याकडे २०० खाटांना दोन नळ बंद पडले तर दुपारपर्यंत रडारड व्हायची. इथे तीन आठवडे, खाली उतरायची सोय नाही, बोट लागून ओकणारी माणसं, बाळंतीण, तान्ही लेकरं, युद्धात उपाशी राहिलेले म्हातारे. एका पोराला गोवर निघाला तर काय होईल याचा नुसता विचार करा. आणि बहुतेक घरांत कर्ता पुरुषच नाही, तो एकतर तुरुंगात नाहीतर मेलेला नाहीतर पत्ताच नाही. अशा बायका आजार लपवतात हो, मला अनुभव आहे, आपल्याला उतरवून देतील म्हणून अंगात ताप असला तरी हसून दाखवतात. म्हणून तुमच्या आजींनी सांगितलेलं ते रोज सकाळी खोलीत डोकावणं आहे ना, तो राउंड आहे. औषध नंतर, आधी डोळ्याने बघायचं.

बर्लिनच्या कॅम्पबद्दलही तेच. नवरा ऑफिसरांकडे परवानग्या मागत फिरत होता ते सगळीकडे लिहिलेलं आहे, ते मोठंच काम, नाही म्हणत नाही. पण हजार माणसांना रोज शिजवून कोण घालत होतं, बटाटे कोण सोलत होतं, कोयला किती उरलाय, संडास कोण धुणार याची पाळी कोण लावत होतं? ते काम नीट झालं की दिसत नाही आणि बिघडलं की लगेच सगळ्यांना वास येतो.

जुनी_पानं

मेट्रनबाई 🙏 आणि राहिलेली गोष्ट आता सांगतो, कारण खरं तर हीच सांगायला हवी होती आधी. १९४८ मधली दोन जहाजं एलफ्रीडाने नवऱ्याशिवाय, एकटीने नेली. वय तेव्हा तिशीच्या आसपास. पहिलं जनरल हाइन्त्सेलमन, ते ठीक पोचलं. दुसरं चार्ल्टन मोनार्क, साडेसातशेच्या वर माणसं, त्या जहाजाचं इंजिन धड नाही, क्रू ऐकत नाही, समुद्रात अडकून पडले आणि शेवटी ओढत ब्राझीलच्या रेसिफे बंदरात आणावं लागलं. अनोळखी देश, पोर्तुगीज भाषा, सोबत शेकडो थकलेली माणसं, आणि प्रमुख ही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फोलेंडामची दुसरी फेरी झाली. चार फेऱ्या मिळून पाच हजारांच्या वर लोक गेले.

पहिल्या फेरीतही अर्जेंटिनातल्या ब्युनॉस आयर्सला उतरल्यावर सुटका नव्हतीच, पॅराग्वेमध्ये यादवी सुरू झालेली, मग लोक तिथेच तंबूत अडकले. पुढे त्यांनी पॅराग्वेत दोन वसाहती उभ्या केल्या, एकीचं नाव नॉयलांड आणि दुसरीचं चक्क फोलेंडाम, जहाजाचंच. नॉयलांडमध्ये एक गाव तर बायकांचं गाव म्हणूनच ओळखलं जायचं, विधवा आणि पोरं, त्यांनीच चाकोच्या (पॅराग्वेचा पश्चिमेकडचा कोरडा भाग) त्या रानात झाडं तोडून घरं बांधली.

संत्रानगरी

आमच्या विदर्भाचा धागा जोडू का, विषय थोडा बाजूला जाईल. मेनोनाइट म्हटलं की आमच्याकडे जुन्या लोकांना धमतरी आठवते. आता छत्तीसगडमध्ये, पण तेव्हा मध्य प्रांत आणि राजधानी आपलं नागपूर. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर अमेरिकन मेनोनाइट आले, १८९९ ला धमतरीत मिशन काढलं, हॉस्पिटल अजून चालू आहे, नर्सिंगचं शिक्षणही तिथे मिळतं. माझी मावशी तिथूनच शिकलेली, तिची चादरीचे कोपरे घालायची पद्धत बघून म्हणे दुसऱ्या हॉस्पिटलात लोक ओळखायचे. चांप्याला कुष्ठरोग्यांचं काम होतं ते पण यांचंच. आणि जांजगीरची ॲनी फंक, ही नर्स नाही, शिक्षिका, आई आजारी म्हणून १९१२ मध्ये मुंबईहून बोटीत बसली, इंग्लंडात कोळशाच्या संपामुळे ठरलेलं जहाज सुटेना म्हणून तिला दुसरं तिकीट दिलं. ते टायटॅनिकचं होतं. गेली बिचारी.

खडा_टाकणारा

सगळं छान चाललंय तर एक खडा टाकतो, राग मानू नका. जर्मन सैन्यामागे हे लोक का निघाले? काहींसाठी जर्मन म्हणजे सुटका होती, काही जण नाझींच्या कामात सामीलही होते. नंतर कागदोपत्री हे "डच वंशाचे" असं सांगितलं गेलं कारण जर्मन म्हटलं तर निर्वासितांची मदत मिळत नव्हती. हे मी काढलेलं नाही, मेनोनाइट इतिहासकारच अलीकडे यावर लिहितायत आणि एमसीसीनेही स्वतःचा हा काळ तपासायला घेतलाय.

रिटायर्ड_मेट्रन

बरोबर आहे तुमचं, लपवू नये. पण सात वर्षांच्या पोरीचा त्यात काय दोष. नर्सला वॉर्डात माणूस आला की केसपेपरवर ताप लिहायचा असतो, पाप नाही. चौकशी करणारे वेगळे, त्यांनी ती जरूर करावी.

बर्फातली_सिस्टर

खूप खूप आभार सगळ्यांचे, नाईट ड्युटीत ब्रेकमध्ये वाचत होते. अजून थोडं मीच शोधलं, एलफ्रीडा आणि पीटरने पुढे जर्मनीतही बरीच वर्षं काम केलं, दोघांनी मिळून आठवणींचं पुस्तक लिहिलं १९९१ मध्ये, ती २००४ ला गेली. पुस्तकावर निदान तिचंही नाव आहे.

खडा टाकणाऱ्यांचं वाचून आजींना विचारावंसं वाटलं होतं की तुमचे बाबा कुठे होते तेव्हा. नाही विचारलं. त्याऐवजी विचारलं की डिकबाई दिसायला कशा होत्या. तर म्हणाल्या, चेहरा नाही आठवत, पण त्यांचे हात गार असायचे आणि कपाळावर ठेवले की बरं वाटायचं. आणि मग मला म्हणाल्या तुझे पण गारच आहेत, हातमोजे घालत जा.