प्रकरणांचं पहिलं पुस्तक कसं निवडता? (अनुभव धागा)

दुसरी-तिसरीतली मुलं चित्रकथांवरून प्रकरणांच्या पुस्तकाकडे वळतात, तिथं निवड चुकली की पुस्तक कपाटात जातं ते परत निघत नाही. कोल्हापुरातल्या शिक्षक, ग्रंथपाल, पालक मंडळींनी आपापली पद्धत इथं लिहावी. पुस्तक मुलाला झेपतं का, हे कसं ओळखता तेवढंच सांगा.

प्राथमिक शिक्षिका, राजारामपुरी

पाच बोटांची चाचणी बहुतेकांना ठाऊक असते. मधलं एखादं पान मुलाला मोठ्यानं वाचायला द्यायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजायचं. एखादंच बोट म्हणजे सोपं, दोन-तीन म्हणजे बरोबर, पाच म्हणजे आत्ता नको. मराठीत मात्र ही चाचणी जशीच्या तशी वापरली तर फसगत होते. आपली लिपी जवळजवळ लिहिली तशीच वाचली जाते. बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झालेलं मूल 'हतबुद्ध' किंवा 'पाणवठा' न अडखळता वाचतं, अर्थ मात्र कळलेला नसतो. म्हणून बोट मोजायचं ते अर्थ सांगता न आलेल्या शब्दाला. मग पुस्तक मिटून 'काय झालं, सांग बघू' म्हणायचं. कोण, कुठं, काय हे दोन-तीन वाक्यांत आलं तर पुस्तक घरी न्यायला हरकत नाही. धडाधड वाचून नुसतं 'एक मुलगा असतो' एवढंच आलं, तर सगळी ताकद अक्षरं लावण्यातच जातेय. पहिलं पान चाचणीला घेऊ नका, ते बहुधा सोपं लिहिलेलं असतं.

बालविभागाचे ग्रंथपाल

ताईंच्या मुद्द्याला जोड. मूल अडलं तर शब्दावर अडलं की छपाईवर, ते बघा. बालभारतीच्या पुस्तकात 'शुद्‌ध', 'विद्‌यार्थी' असं पाय मोडून छापतात. गोष्टीच्या पुस्तकात तेच 'शुद्ध', 'विद्यार्थी' असं जोडून येतं, आणि शब्द येत असूनही मूल थबकतं. जुन्या आवृत्त्यांत 'क्क', 'त्त' एकाखाली एक रचलेले असतात, काही नव्या पुस्तकांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. अशी पाच-सहा अक्षरं आधी कागदावर मोठी लिहून दाखवली की अडचण निम्मी होते. 'र'ची चारही रूपं बघून घ्या: क्रम, पर्वत, ट्रक, सुऱ्या. यातलं 'ऱ्य' सगळ्यात उशिरा पक्कं होतं.

मलपृष्ठावर 'वय ८ ते १२' लिहिलेलं असतं, ते विषयासाठी. वाचनपातळी त्यावरून कळत नाही. त्यापेक्षा प्रकरणाची पानं मोजा. सुरुवातीला चार-पाच पानांचं प्रकरण, निदान एका पानाआड चित्र आणि ओळींत मोकळी जागा हवी. आधी ग्रंथालयातून न्या, विकत नंतर घ्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, गावात पुस्तकांना तोटा नाही.

पालक, नागाळा पार्क (मूल इंग्रजी माध्यमात)

आमच्याकडची अडचण वेगळी. मराठी वाचन वयाच्या दोन वर्षं मागं असतं, पण गोष्ट वयाचीच हवी असते. लहान मुलांचं पुस्तक दिलं की 'हे बाळांचं आहे' म्हणून ढकललं जातं. उपाय म्हणजे वाटून वाचणं: एक पान मोठ्यांनी, एक मुलानं, आणि प्रकरणाचं शेवटचं पान कायम मुलाचं. मराठी आकडेही आधी दाखवा. १ आणि ९, ५ आणि ६ यांत गोंधळ होतो आणि अनुक्रमणिकेतून प्रकरण सापडत नाही.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, पातळीनुसार लावलेल्या. तिसरी पातळी साधारण ६०० ते १५०० शब्दांची, चौथी त्याच्या पुढची. चौथ्या पातळीतली गोष्ट एका बैठकीत वाचून सांगता आली की प्रकरणांचं पुस्तक द्यायला सुरुवात करा.

मराठीचे शिक्षक, उचगाव

बोलीचंही लक्षात घ्या. आपल्याकडं मुली 'मी गेलो, मी आलो' म्हणतात. पुस्तकातली मुलगी 'मी गेले' म्हणते, तेव्हा कोण बोलतंय याचा काही मुलांना पत्ता लागत नाही. संवाद जास्त असलेलं पुस्तक निवडताना 'म्हणाली', 'विचारलं' असं बोलणाऱ्याचं नाव घालून लिहिलंय का ते तपासा. नुसती अवतरणचिन्हं असतील तर दोन पानांत धागा सुटतो. शब्द लांबीनंही दमवतात. 'उचलल्यानंतरसुद्धा' वाचताना मूल मध्येच श्वास घेतं. तो शब्द अवघड नाही, 'उचलल्या-नंतर-सुद्धा' असा बोट ठेवून तोडून दिला की पुरे. त्याला बोट मोजू नका.

प्राथमिक शिक्षिका, राजारामपुरी

सर, बरोबर. आणखी एक: सलग कथानकाआधी सुट्या गोष्टींचं पुस्तक द्या. दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'त नायक तोच, पण गोष्टी स्वतंत्र. आठवडाभर खंड पडला तरी मागचं आठवावं लागत नाही. सलग पुस्तक दिलंच, तर रोज सुरुवातीला 'काल कुठं थांबलो होतो?' विचारा. तीन प्रकरणं झाली आणि उत्तर येईना, तर ते पुस्तक परत करून त्याहून पातळ, त्याच विषयाचं दुसरं आणा. विषय बदलू नका.