रेडलायनिंग प्रत्यक्षात कसं चालायचं? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची घरं आणि गृहकर्जं

चौकस_वाचक
अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर आली आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची ४४,९०० डॉलर. गुलामगिरी संपली १८६५ ला, भेदभावाविरुद्धचे मोठे कायदे झाले १९६४ ते ६८ मध्ये. तरी सहापटीचा फरक टिकतो कसा, याचं उत्तर शोधायला गेलं की 'रेडलायनिंग', म्हणजे माणसाची पत न बघता वस्ती बघून गृहकर्ज नाकारणं, समोर येतं आणि 'सरकारने नकाशावर लाल रंग मारला' एवढ्यावर विषय आटोपतो. मला त्यामागची यंत्रणा समजून घ्यायची आहे. नकाशा कुणी काढला? बँकेच्या टेबलावर त्याने काय बदललं? आणि कर्ज मिळत नव्हतं तर लोक घर घेत कसे?

दप्तरदार
दोन सरकारी संस्थांची गल्लत होते, ती आधी सोडवू.

पहिली होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन, स्थापना १९३३. महामंदीत ज्यांचे हप्ते थकले त्यांची कर्जं विकत घेऊन ती लांब मुदतीची करून द्यायची, हे तिचं काम. अशी सुमारे १० लाख कर्जं तिने सोडवली. तिनेच दोनशेहून जास्त शहरांचे ते नकाशे काढले: हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, पिवळा आणि 'धोकादायक' तो लाल. पण बहुतेक नकाशे कर्जवाटप उरकल्यावर तयार झाले, आणि या संस्थेने कृष्णवर्णीय घरमालकांनाही कर्जं दिली होती. सगळा दोष नकाशावर टाकला की खरा सूत्रधार नजरेआड होतो.

तो म्हणजे फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, १९३४. ही संस्था कर्ज देत नव्हती, बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरवायची. त्याआधी घर घ्यायचं तर साधारण निम्मी किंमत रोख लागे आणि मुदत चार-पाच वर्षांची, शेवटी उरलेलं मुद्दल एकरकमी. विम्यामुळे बँका ८० टक्के कर्ज २० वर्षांसाठी देऊ लागल्या, १९३८ नंतर लहान घरांना ९० टक्के आणि २५ वर्षं. कर्ज बुडलं तर भरपाई सरकार देणार, म्हणून व्याजही कमी. अमेरिकेतला मध्यमवर्ग घरमालक झाला तो यामुळे.

मात्र विमा मिळायला मूल्यांकन करणाऱ्याचा शेरा चांगला हवा, आणि त्याच्या हातातल्या १९३८ च्या नियमपुस्तिकेत आजूबाजूला 'न जुळणारे वंशगट' आहेत का ते तपासायला सांगितलं होतं. अर्जदाराची पत कितीही चोख असो, वस्ती कृष्णवर्णीयांची असली की विमा नाही, आणि विमा नाही तर बँकेला रस नाही.

डेट्रॉइटमधली भिंत याचा धडधडीत पुरावा आहे. एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण जागा कृष्णवर्णीय वस्तीला लागून, म्हणून विमा नाकारला गेला. १९४१ मध्ये त्याने मधे सुमारे सहा फूट उंच, अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली आणि मंजुरी मिळाली. भिंत आजही उभी आहे.

कायदेकानू
खरेदीखतांची बाजू जोडतो. वंशानुसार वस्त्या आखणारे नगरपालिकांचे नियम सुप्रीम कोर्टाने १९१७ मध्येच रद्द केले होते. मग तीच अट खाजगी करारात शिरली: 'हे घर गोऱ्याखेरीज कुणाला विकू वा भाड्याने देऊ नये.' १९४८ मध्ये कोर्टाने ठरवलं की अशी अट न्यायालयं अमलात आणू शकत नाहीत. पण अट लिहिणं काही बेकायदा ठरलं नाही, आणि नव्याने अशी अट घातलेल्या घरांना विमा देणं सरकारने थांबवलं ते थेट १९५० मध्ये. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १७,००० हून अधिक घरं याच काळात उभी राहिली, सुरुवातीच्या भाडेकरारांत वंशाची अट उघड छापलेली.

माजी सैनिकांच्या गृहकर्जांना सरकारी हमी देणाऱ्या योजनेतही तेच. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांत ३,२०० हून जास्त कर्जांना हमी मिळाली, त्यातली कृष्णवर्णीयांना फक्त २. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, पण कर्ज द्यायचं की नाही हे स्थानिक बँकेच्या हातात होतं.

दप्तरदार
आता 'लोक घर घेत कसे'. हा भाग सगळ्यात कमी सांगितला जातो आणि लूट खरी इथेच झाली.

शिकागोत १९५० आणि ६० च्या दशकांत कृष्णवर्णीयांनी घेतलेली बहुसंख्य घरं 'कॉन्ट्रॅक्ट'वर घेतलेली होती. आपल्याकडच्या भाषेत, नुसतं साठेखत. खरेदीखत शेवटचा हप्ता फिटल्यावर. तोवर घर विकणाऱ्याच्या नावावर, पण कर, दुरुस्ती, घराचा विमा सगळं घेणाऱ्याकडे. एक हप्ता चुकला तरी करार रद्द करून घर काढून घेता येई आणि भरलेले पैसे बुडीत.

गोऱ्या घरमालकाला 'हे लोक येताहेत, भाव पडतील' अशी भीती घालून दलाल घर स्वस्तात घ्यायचा आणि जवळपास दुपटीने कॉन्ट्रॅक्टवर विकायचा. उदाहरणादाखल हिशेब मांडतो. घर १०,००० डॉलरचं. विमा असलेलं कर्ज: १,००० रोख, ९,००० वर ५ टक्के, २५ वर्षं, हप्ता सुमारे ५३. कॉन्ट्रॅक्ट: तेच घर २०,००० ला, १,५०० रोख, १८,५०० वर ७ टक्के, तेवढीच मुदत, हप्ता सुमारे १३१. दहा वर्षांनी पहिल्याच्या घरात स्वतःचे ३,३०० च्या वर डॉलर जमलेले असतात. दुसऱ्याने तोवर १७,००० च्या वर भरलेले असतात आणि कागदावर त्याचं काहीच नसतं.

१३१ चा हप्ता भागवायला नवरा-बायको दोघं राबतात, खोल्या भाड्याने देतात, गळकं छप्पर पुढच्या वर्षावर जातं. वस्ती खालावते. मग मूल्यांकन करणारा येतो आणि तेच दाखवून म्हणतो, बघा, आमचा शेरा बरोबर होता. हे चक्र चीड आणणारं आहे.

२०१९ च्या एका अभ्यासाने एकट्या शिकागोतलं हे नुकसान ३ ते ४ अब्ज डॉलर काढलं. लॉन्डेल भागातल्या लोकांनी १९६८ मध्ये कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग स्थापून हप्ते एकजुटीने रोखले. मोठे दावे ते शेवटी हरले, पण शेकडो करारांच्या अटी त्यांनी बदलून घेतल्या.

पिंपरीकर
सगळं मान्य. पण आपली मंडळी तिकडे आठ-दहा वर्षांत घर घेतात. मग त्यांना इतक्या वर्षांत का जमू नये?

कायदेकानू
@पिंपरीकर, साल बघा. आपली मंडळी मोठ्या संख्येने गेली ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर, आणि त्यात पदवी आणि कौशल्य असलेल्यांना प्राधान्य होतं. घरविक्रीत वंशभेद बेकायदा ठरवणारा फेअर हाउसिंग कायदा एप्रिल १९६८ चा. म्हणजे ती घर घेण्याच्या स्थितीत आली तेव्हा दार कायद्याने उघडलेलं होतं. ते उघडायला लढले ते कृष्णवर्णीय.

त्याआधी गेलेल्या भारतीयांचं काय झालं तेही पाहा. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवले. कॅलिफोर्नियात अपात्र परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नव्हती, त्यामुळे तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांना जमीन दुसऱ्यांच्या नावावर ठेवावी लागली. हे १९४६ पर्यंत चाललं.

दप्तरदार
@चौकस_वाचक, मूळ कागद बघायचे तर रिचमंड विद्यापीठाच्या 'मॅपिंग इनइक्वालिटी' या संकेतस्थळावर सगळे नकाशे मोफत आहेत. शहर निवडा, रंगीत तुकड्यावर क्लिक करा, त्या भागाचा तक्ता उघडतो. त्यात रहिवाशांचे व्यवसाय, उत्पन्न, परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण, मग 'निग्रो' असा स्वतंत्र रकाना आणि त्याखाली 'घुसखोरी' कुणाची. पुढे घरांचं वय, १९२९ चे आणि नंतरचे भाव, गृहकर्ज मिळतं का. तळाशी मोकळा शेरा असतो, तो आधी वाचा.

वाचताना एक चूक टाळा. लाल म्हणजे कृष्णवर्णीयच, असं धरू नका. लाल भागांत राहणारे बहुसंख्य लोक गोरे, गरीब, बरेचसे स्थलांतरित होते. उलट दिशेने मात्र नियम पक्का दिसतो: कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सगळ्या लाल, घरं नवी आणि नीटनेटकी असली तरी. म्हणून तक्त्यातले घरांच्या स्थितीचे रकाने आणि शेरा शेजारी ठेवून पाहा. आणि १०८ शहरांच्या एका अभ्यासात जुने लाल भाग उन्हाळ्यात बाकीच्या भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापलेले आढळले. तिथे झाडं कमी, डांबर आणि काँक्रीट जास्त.