विश्वाचे स्थिरांक जीवसृष्टीसाठी जुळवलेले आहेत का?

ध्रुवतारा:
मला तरी हे स्थिरांक, म्हणजे बलांची ताकद वगैरे ठरवणारे निसर्गाचे आकडे, जुळवलेले वाटतात. कार्बनचंच घ्या. ताऱ्याच्या पोटात दोन हेलियम केंद्रकं चिकटली की बेरिलियम-८ बनतं आणि सेकंदाच्या अब्जांशाच्याही कोट्यंशात फुटतं. तेवढ्यात तिसरं हेलियम येऊन धडकायला हवं! खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल म्हणाले, कार्बनच्या केंद्रकाला सुमारे ७.६५ एमईव्हीवर (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक) उत्तेजित, म्हणजे जास्त ऊर्जेची, अवस्था असलीच पाहिजे, त्याशिवाय एवढा कार्बन बनणार नाही. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठात मोजलं, तर ती होती.

शंकेखोर:
हॉईलचा तर्क कार्बनच्या प्रमाणावरून होता, जीवसृष्टीवरून नव्हे. आणि १९८९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मारिओ लिव्हिओ व सहकाऱ्यांनी ती अवस्था ६० केईव्हीने (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) वरच्या बाजूला सरकवून गणित केलं. कार्बनला फारसा फरक पडला नाही. शिवाय शक्यता कमी म्हणता ती कशाच्या तुलनेत? फासा एकदाच पडलाय, त्याला बाजू किती तेही माहीत नाही.

वाटसरू:
फासे अनेक, म्हणजे विश्वंच अनेक असतील तर? भौतिकशास्त्रज्ञ वाइनबर्ग यांनी १९८७ मध्येच म्हटलं होतं, वैश्विक स्थिरांक (रिकाम्या अवकाशाची, विश्वाला पसरवणारी ऊर्जा) फार मोठा असता तर दीर्घिकाच बनल्या नसत्या. १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वेगावतंय हे कळलं, आणि स्थिरांक निघाला त्या मर्यादेच्या आतच.

शंकेखोर:
दुसरी विश्वं दाखवा, मग बोलू.

ध्रुवतारा:
बहुविश्व राहू दे, मलाही ते पळवाट वाटतं. पण लिव्हिओंचा मुद्दा अर्धाच आहे. नुसती अवस्था सरकवणं वेगळं, ती ज्या बलातून येते ते बल बदलणं वेगळं. २००० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ओबरहुमर आणि सहकाऱ्यांनी केंद्रकातल्या कणांना बांधून ठेवणारं केंद्रकीय बल जेमतेम अर्ध्या टक्क्याने बदलून पाहिलं. एका बाजूला कार्बन जवळजवळ संपतो, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. अर्धा टक्का हो!

शंकेखोर:
हा आकडा जड आहे, नाही म्हणत नाही. पण तुम्ही एकच खुंटी पिळता आणि बाकीच्या जागच्या जागी ठेवता, मग सूर बिघडणारच. भौतिकशास्त्रज्ञ फ्रेड ॲडम्स यांनी २००८ मध्ये गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय बल आणि केंद्रकीय अभिक्रियांचा वेग असं तिन्ही एकदम बदललं. तपासलेल्या पट्ट्याच्या साधारण पाव भागात तारे पेटतात.

ध्रुवतारा:
पेटतात, ठीक. त्यातल्या किती ताऱ्यांत कार्बन शिजतो?

शंकेखोर:
ते त्या गणितात नाही.