मदत हवी आहे: बोअरच्या पाण्याचा पीएच ८.२, निऑन टेट्रा आणायचे आहेत

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे फिश टँकमध्ये बोअरचंच पाणी असतं. पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते) तपासायच्या किटच्या नळीतला रंग तक्त्यावरच्या ८.२ च्या खणाशी जुळतो. पाणी क्षारांमुळे इतकं जड की काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर धरतो. गप्पी आणि मॉली त्यात मजेत आहेत.

आता लेकीसाठी निऑन टेट्रा आणायचे आहेत. हे छोटे रंगीत मासे मूळचे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ, आम्लधर्मी पाण्यातले. दुकानातल्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास आहे. पीएचमध्ये एकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, म्हणून काळजी वाटते.

मासे पुण्याहून बसने येणार, चार-पाच तास पिशवीत. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यामुळे माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मग सलाइनच्या नळीने थेंब थेंब पाणी सोडत तासभर थांबायचं, की तापमान जुळवून मासे जाळीने लगेच टँकमध्ये घ्यायचे? मला दुसरं पटतंय, पण जड पाण्याचा धक्का बसेल का?

पीएच कमी करायचं औषध नकोच. आपल्या पाण्यात तो पुन्हा वर येतो. आरओचं पाणी मिसळायचं तर किती प्रमाणात? सोलापुरात बोअरच्या पाण्यात कुणी निऑन जगवलेत का? जिवंत जीव आहेत, आणण्याआधीच विचारतोय.