मदत हवी आहे: आईची साखर पहाटे घसरते, सीटीत गाठ सापडत नाही

नमस्कार,
आई ५८ वर्षांची, सांगलीला असते. मधुमेह नाही, साखरेची कुठलीही गोळी नाही. वर्षभर पहाटे तिला उठवायला गेलं की काहीबाही बोलते, अंग घामाने निथळत असतं, मला ओळखत नाही. गूळपाणी पाजलं की थोड्या वेळात भानावर येते आणि मधलं काहीच आठवत नाही. वजनही वाढलंय. आधी फिट म्हणून गोळ्या दिल्या, घरात 'बाहेरचं बघू' हेही झालं. मग एका पहाटे शेजारच्या काकांचा ग्लुकोमीटर लावला. ३८!

आता ॲडमिट करून ७२ तासांची उपाशी चाचणी झाली. पहिल्याच रात्री साखर ४१ वर आल्याने थांबवली. त्याच वेळच्या रक्तात इन्सुलिन १४, सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना सोबत सुटणारा घटक) २.६. साखर ५५ च्या खाली गेली की इन्सुलिन ३ च्या आत यायला हवं, म्हणजे स्वादुपिंड ते सोडतच राहतंय. सल्फोनिलयुरिया (साखर उतरवणाऱ्या गोळ्यांचं औषध) आणि इन्सुलिन अँटीबॉडी (इन्सुलिनविरुद्ध शरीरात बनणारी प्रथिनं) दोन्ही निगेटिव्ह. डॉक्टर इन्सुलिनोमा (स्वादुपिंडातली इन्सुलिन सोडणारी गाठ) म्हणतात, पण सीटी स्वच्छ. पुढे एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून नळी घालून आतून केलेली), त्यात नाही दिसलं तर एक्झेंडिन पेट स्कॅन (अशा गाठीला चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य टोचून काढतात तो).

नातेवाईक म्हणतात, स्कॅनमध्ये काही नाही तर कशाला मागे लागता? मला ते अजिबात पटत नाही. कोणी यातून गेलंय का? ऑपरेशनपर्यंत डायझॉक्साइड (इन्सुलिन सुटणं कमी करणारं औषध) घेतलं असेल तर सूज कितपत येते? रात्री तिला एकटं झोपवायची भीती वाटते.

प्रतिसाद:
ताई, मागे लागाच. माझ्या मोठ्या भावाचंही सीटी स्वच्छ होतं, गाठ सोनोग्राफीत सापडली. या गाठी बहुतेक २ सेंमीपेक्षा लहान असतात आणि दहातल्या नऊ कर्करोगाच्या नसतात. जागा पक्की झाल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणू नका. वरवर असली तर तेवढी गाठच सोलून काढतात, स्वादुपिंडाच्या नळीला चिकटली असेल तर स्वादुपिंडाचा तुकडाही जातो. डायझॉक्साइडने भावाचे पाय सुजले, तेव्हा डॉक्टरांनी लघवीची गोळी जोडली. रक्तातलं कॅल्शियम तपासलंय का? काही घराण्यांत पॅराथायरॉइडच्या (कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींच्या) गाठीही सोबत असतात.

रात्री झोपताना कच्चं कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून द्यायचं का, डॉक्टरांना विचारा. ते सावकाश पचतं. आणि गिळता येत नसेल तेव्हा तोंडात गूळपाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. ग्लुकागॉनचं (साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन घरी ठेवायचं का तेही विचारून घ्या, नाहीतर थेट दवाखाना गाठा.