रि: रि: दिवाळी कार्यक्रम – श्रद्धांजलीची स्लाइड, नावं कळवा

प्रेषक: मृणाल (सांस्कृतिक समिती)
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

घरोघरची दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले पण मंडळाची अजून व्हायचीय, हॉल मिळाला तो थेट २२ नोव्हेंबरचा, त्याला इलाज नाही. कार्यक्रम बराचसा ठरलाय. राहिलीय ती श्रद्धांजलीची स्लाइड. दरवर्षी आपण वर्षभरात गेलेल्या कलावंतांचे फोटो दाखवतो तसे यंदाही दाखवायचेत. परवाच दया डोंगरे गेल्याचं वाचलं. त्याआधी ऑक्टोबरमध्ये ‘पिंजरा’वाल्या संध्याबाई, आणि ऑगस्ट तर फारच वाईट गेला, १६ तारखेला ज्योती चांदेकर, १८ ला अच्युत पोतदार, २८ ला बाळ कर्वे आणि ३१ ला प्रिया मराठे. अडतीस वर्षांची होती हो ती! शिवाय मे महिन्यात नारळीकर सर. म्हणजे सध्या सात नावं आहेत. कुणी राहिलं असेल तर रविवारपर्यंत कळवा. एकूण दोन मिनिटं, मागे बासरी, आणि मग दोन मिनिटं शांतता.

फराळाची यादी वेगळ्या मेलमध्ये पाठवलीय, तिकडेही जरा बघा. चकल्यांना अजून कुणीच हात वर केलेला नाही.

मृणाल

---

प्रेषक: संदीप
बुधवार, ५ नोव्हेंबर

मृणाल, तुझ्या कष्टांबद्दल आदर ठेवून म्हणतो, ही स्लाइड बंद करूया आपण.

सात फोटो आणि दोन मिनिटं म्हणजे माणशी सतरा सेकंद. त्यातले पाच सेकंद फोटो फिरत फिरत येतो त्यात जातात. झेंडूची चौकट, कोपऱ्यात हलणारी पणती, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तेवढ्यात मागच्या रांगेत कुणाचं तरी पोर रडायला लागतं आणि पुढच्या रांगेत ‘कोण गं ही?’ सुरू होतं. आणि गेल्या वर्षीचं सगळ्यांना आठवत असेलच, ज्यांचा फोटो लागला होता ते गृहस्थ ठणठणीत आहेत, नाव घेत नाही, त्यांना उदंड आयुष्य लाभो. हॉलमधून कुणीतरी ओरडलं ‘अहो हे आहेत अजून!’ आणि ती दोन मिनिटांची शांतता आपण हसण्यात घालवली.

ही चूक फक्त आपलीच नाही म्हणा. २०२२ ला विक्रम गोखले पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते, नोव्हेंबरच्या २३ च्या रात्री ते गेल्याची बातमी सगळीकडे फिरली, मोठमोठ्या नटांनी श्रद्धांजल्या वाहून टाकल्या, शेवटी घरच्यांना सांगावं लागलं की ते आहेत, व्हेंटिलेटरवर आहेत. गेले ते २६ ला. म्हणजे मधले तीन दिवस माणूस अंथरुणावर आणि इकडे त्याच्या फोटोला हार. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण तेव्हा चाळीसेक हात जोडलेले इमोजी पडले होते. ओळख एकाचीही नव्हती, पण घाई सगळ्यांना.

संदीप

---

प्रेषक: वैशाली
गुरुवार, ६ नोव्हेंबर

संदीप, बंद वगैरे काही करायची गरज नाही. घाई करू नका एवढंच. दोन वर्तमानपत्रांत आल्याशिवाय नाव घालायचं नाही, संपला विषय.

पण सतरा सेकंदांचं पटलं. दया डोंगरेंना सतरा सेकंद? माझ्या पिढीच्या बायकांना विचारा. आमच्या लग्नाच्या वेळी ‘सासू कशी आहे गं’ याला ‘दया डोंगरे’ एवढंच उत्तर पुरायचं, पुढे काही बोलावं लागायचं नाही. ‘खट्याळ सासू नाठाळ सून’ आला १९८७ ला, आणि माझ्या सासूबाईंनी तो माझ्याच शेजारी बसून व्हिडिओवर बघितला, आणि जिथे दया डोंगरे सुनेला घालून पाडून बोलतात तिथे त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या ‘बाई काम छान करते’. मी काय बोलणार! नुसती भुवई वर जायची त्यांची आणि समजायचं की आता कुणाची तरी धडगत नाही. आरडाओरडा करणाऱ्या खाष्ट सासवा पुष्कळ झाल्या, पण या बाईला आवाज चढवायची गरज पडायची नाही. आणि त्या दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामात शिकलेल्या, गाण्याची तालीम घेतलेल्या, आणि लोकांनी लक्षात ठेवलं ते सासू म्हणून. त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं असेल का असा विचार आला परवा बातमी वाचल्यावर.

चकल्या मी करते. पण भाजणी कुणीतरी आणून द्या, इथल्या दुकानातली जुनी असते.

वैशाली

---

प्रेषक: बापूकाका
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चिरंजीव मृणाल, संदीप, सौ. वैशाली आणि सर्व,

मी सहसा या लिस्टवर लिहीत नाही, नातवाने मराठी टायपिंग लावून दिलंय म्हणून लिहितोय, चुका पोटात घाला.

बाळ कर्व्यांबद्दल कुणी काही बोललं नाही म्हणून राहवलं नाही. तुमच्यापैकी निम्म्यांचा जन्म व्हायचा होता तेव्हा मुंबई दूरदर्शनवर चिमणराव लागायचा, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या चाळीत टीव्ही एकाच बिऱ्हाडात, ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे त्या घरात चपला ठेवायला जागा नसायची आणि दाराबाहेरून सुद्धा लोक माना वर करून बघायचे. चिमणराव घाबरट, किडकिडीत, आणि शेजारी हा भरल्या अंगाचा, भरल्या आवाजाचा गुंड्याभाऊ. गंमत अशी की कर्वे फार काही करतायत असं वाटायचंच नाही. चिमणरावाची फजिती चालू असताना गुंड्याभाऊ नुसता बघत उभा असायचा, आणि त्या बघण्याला हशा. समोरच्याला हशा घेऊ देऊन आपण उभं राहायचं, ही गोष्ट दिसते तेवढी सोपी नाही, मी इथे मंडळाच्या तीन नाटकांत काम केलंय म्हणून सांगतो, माझे हात कुठे ठेवायचे हेच मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण मुद्दा वेगळाच आहे. कर्वे महापालिकेत इंजिनियर होते. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम. मृणालच्या यादीतले पोतदार घ्या, आधी लष्करात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये वर्षानुवर्षं नोकरी, सिनेमात आले ते चाळिशी उलटल्यावर. नारळीकर तर शास्त्रज्ञच, गोष्टी लिहायचे त्या संशोधन सांभाळून. चिमणराव ज्यांनी लिहिला ते चिं. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते, म्हणजे तेही आपल्यासारखे नोकरीपायी महाराष्ट्राबाहेरच! मागे जायचं तर डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, आफ्रिकेत सुद्धा प्रॅक्टिस केलेली, १९६९ ला चाळिशी ओलांडल्यावर सगळं सोडून पूर्णवेळ नट झाले. नट काशिनाथ घाणेकर दाताचे डॉक्टर.

आपल्या मंडळात नाटकात काम करणारे कोण आहेत? सॉफ्टवेअरवाले, दोन फार्मसिस्ट, एक बँकेत, आणि प्रकाशयोजना करणारे आमचे मित्र ट्रक कंपनीत डिस्पॅचर. आठला ऑफिस, सहाला तालीम, रात्री बर्फात गाडी काढून घरी. बायको म्हणते काय मिळतं तुम्हाला. तेव्हा फोटो लावायचेच तर यांचे असे लावा की आपल्या पोरांना कळेल की हे लोक कुठल्या वेगळ्या मुलुखातून आलेले नव्हते, डबा घेऊन लोकल पकडणारे होते.

सगळेच तसे नव्हते हे मान्य. संध्याबाई पूर्ण सिनेमाच्याच. त्यांचा ‘पिंजरा’ मी १९७२ ला घरी न सांगता बघितला होता, पण ते इथे लिस्टवर नको.

आपला,
बापूकाका

---

प्रेषक: केदार
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काका, कडक मेल! नातवाला थँक्स सांगा.

पोतदारांवरून एक किस्सा. आमचा मुलगा इथेच जन्मलेला, पंधरा वर्षांचा, मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. ऑगस्टमध्ये जेवताना मी म्हटलं अच्युत पोतदार गेले, तर ढिम्म. मग त्याला ‘थ्री इडियट्स’मधल्या प्रोफेसरचा फोटो दाखवला, मशीनची व्याख्या ऐकून वैतागलेला तो. पोरगा उडालाच! त्याच्या शाळेतली पंजाबी, तमिळ, गुजराती सगळी पोरं ते ‘कहना क्या चाहते हो’ चॅटवर दिवसातून दहा वेळा टाकतात. तो माणूस मराठी होता, लष्करात होता, तेल कंपनीत होता हे त्याला खरंच वाटेना. मग स्वतःच शोधत बसला, आणि रात्री मला येऊन विचारतो की बाबा, म्हणजे ते माझ्याएवढे असताना त्यांना माहीतच नव्हतं का ते ॲक्टर होणारेत? मी म्हटलं तू आधी गणिताचा होमवर्क कर.

तर पोरांना एक-एक नाव वाटून द्या आणि त्यांनाच बोलू द्या असं सुचवतो. मोडकंतोडकं का होईना, मराठीत.

केदार

---

प्रेषक: प्रशांत
शनिवार, ८ नोव्हेंबर

सगळं ठीक आहे, पण एक बोलतो, राग मानू नका. मी नागपूरचा.

दरवर्षी आपली यादी कशी बनते? मालिका, व्यावसायिक नाटक, पुणे-मुंबईचे सिनेमे. शाहीर, तमाशा कलावंत, भीमगीतं गाणारे, यांच्यातलं कुणी गेलं तर आपल्याला पत्ताच नसतो कारण आपल्या कुणाच्या फीडवर ते येतच नाही. आता याच महिन्यात २६ तारखेला विठ्ठल उमप यांना जाऊन पंधरा वर्षं होतील. नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रम होता, शाहीर स्टेजवर आले, जयभीम म्हणाले आणि तिथेच कोसळले. २०१०. माझे वडील त्या कार्यक्रमाला गेलेले, रात्री घरी आले ते जेवले नाहीत. ज्यांनी उमपांचं जांभूळ आख्यान पाहिलंय त्यांना सांगायला नको, सत्तरीचा माणूस द्रौपदी उभी करायचा, आवाज बदलायचा, चाल बदलायची, पदराशिवाय पदर दिसायचा. त्या वर्षी आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचं नाव नव्हतं. मी तेव्हा नवीन होतो, गप्प बसलो.

पंधरा वर्षं झाली म्हणून का होईना, यंदा घ्या. नोकरीवाल्यांची थीम करताय ती छान आहे, पण ज्यांची कलाच नोकरी होती आणि ती सुद्धा बिनपगाराच्या महिन्यांची, त्यांना त्या नादात वगळू नका.

प्रशांत

---

प्रेषक: वैशाली
शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रशांत, राग कसला. उमप घ्यायचेच. तूच बोल त्यांच्यावर.

---

प्रेषक: अंजली
रविवार, ९ नोव्हेंबर

उशिरा लिहितेय, गाडीचे स्नो टायर बसवण्यात शनिवार गेला.

नारळीकर सरांवर मी बोलेन. ‘कलावंतांत शास्त्रज्ञ कशाला’ असं मला एकाने फोनवर विचारलंय, तर त्यासाठी इथेच सांगते. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती, सरांनी तिला गोष्ट पाठवली पण स्वतःचं नाव न घालता. जयंत विष्णू नारळीकर याची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं, का तर परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये. बक्षीस मिळालंच. तेव्हा ते जगभर माहीत होते, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबरचं काम होऊन दहा वर्षं झालेली, केंब्रिज सोडून मुंबईच्या ‘टीआयएफआर’ या संशोधन संस्थेत आलेले, त्यांना काय गरज होती स्पर्धेची? पण मराठीत गोष्ट जमली का हे त्यांना खरंच बघायचं होतं.

आणि दुसरं. शाळेतली मुलं सही मागायला आली की ते सही द्यायचे नाहीत, म्हणायचे पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. आणि खरंच पाठवायचे! माझ्या मावसभावाने विचारलं होतं की चंद्र आपल्याबरोबर चालतो असं का वाटतं. कार्ड आलं, सहा-सात ओळी, बारीक नीट अक्षर, आगगाडीच्या खिडकीतून जवळचं झाड झपकन मागे जातं आणि लांबचा डोंगर जात नाही, ते आधी बघ, असं लिहिलेलं. खाली सही. मी त्याला फोटो पाठवायला सांगितलंय, तोच पडद्यावर लावूया, सरांचा फोटो नसला तरी चालेल.

अंजली

---

प्रेषक: मृणाल (सांस्कृतिक समिती)
सोमवार, १० नोव्हेंबर

मंडळी, कमिटीची रात्री फोनवर चर्चा झाली. ठरलं ते असं.

फोटोंची फिरती स्लाइड नाही, बासरी नाही. मध्यंतरानंतर पंधरा मिनिटं ठेवलीत. बापूकाका बाळ कर्व्यांवर, वैशालीताई दया डोंगरेंवर, अंजली नारळीकर सरांवर, प्रशांत उमपांवर, आणि केदारचा मुलगा पोतदारांवर, तो हो म्हणालाय पण त्याची अट आहे की आईबाबांनी पहिल्या रांगेत बसायचं नाही. माणशी तीन मिनिटं, काका, तुम्हाला पण तीनच, मी घड्याळ घेऊन उभी राहणारे. संध्याबाई, ज्योतीताई आणि प्रिया मराठे यांच्यावर बोलायला अजून कुणी नाही. प्रियाच्या मालिका इथे ॲपवर रोज बघणाऱ्या निदान दहा जणी मला माहीत आहेत, त्यातली एक तरी पुढे या. कुणी नाहीच आलं तर मी नावं वाचेन. दोन मिनिटं शांतता राहील, ती काढायला तिघांचा विरोध होता.

संदीप, तुझं नाव नावं तपासायला लावलंय. तूच बोललास तेव्हा आता तूच बघ, २१ च्या रात्रीपर्यंत यादीतला प्रत्येक माणूस खरंच गेलाय ना ते.

माइक दोनच आहेत आणि एक तबल्याला लागणार. भाजणी मिळाली, चव्हाट्यावर विषय नको, कुणाकडची ते विचारू नका. बेसनाचे लाडू मात्र नव्वद झालेत, आता कुणी करू नका, शंकरपाळ्यांकडे वळा.

मृणाल